जुने चर्मशिलाई यंत्र : घ्यावे की न घ्यावे?

मराठवाड्यातील खेड्यांच्या अर्थव्यवहारात चामड्याच्या कामाला एके काळी मानाचे नसले तरी अपरिहार्य असे स्थान होते. विहिरीवरची मोट, आसूड, बैलांच्या गळ्यातील घुंगरांचे पट्टे, शेतकऱ्याच्या पायातील वहाणा, या सर्व वस्तू गावातील कारागिराच्या हातून तयार होत आणि त्यांचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने मिळे. पुढे तेलाची इंजिने व विजेचे पंप आले आणि मोट इतिहासजमा झाली. नांगर व गाडी यांची जागा ट्रॅक्टरने घेण्यास प्रारंभ केला. साच्यातून निघणारी प्लॅस्टिकची पादत्राणे आठवडे बाजारात येऊन पोहोचली. चर्मकार कारागिराच्या हाती मुख्यत्वे दोनच कामे उरली : दुरुस्ती आणि मजबूत चामडी चप्पल.

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत हे चित्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. ज्या कारागिरांना हा व्यवसाय टिकवावयाचा आहे त्यांच्यापुढे आज यंत्राचा प्रश्न उभा आहे. हाताने आरी व दोरा चालवून होणाऱ्या कामाला वेळ लागतो. नवे औद्योगिक शिलाई यंत्र घ्यावे तर भांडवल नाही. अशा वेळी मुंबईतील धारावीसारख्या चर्मवस्तूंच्या बाजारपेठेतून अथवा बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यातून निघालेले जुने यंत्र निम्म्या किंमतीत मिळत असल्याची वार्ता येते. कारागीर सल्ल्यासाठी सरपंचाकडे, गुरुजींकडे किंवा ग्रामसेवकाकडे येतो. सल्ला देणाऱ्याजवळ सदिच्छा असते, परंतु यंत्राची माहिती नसते. ती उणीव काही अंशी दूर करावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक सूत्र सांगणे इष्ट होईल. यंत्र जुने घ्यावे की नवे, हा दुसरा प्रश्न होय. यंत्राला पुरेल इतके काम आपल्याजवळ आहे काय, हा पहिला प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर न शोधता दुसऱ्याकडे वळणाऱ्या कुटुंबाच्या घरात यंत्र येते, परंतु त्यासोबत कर्जही येते.

काम आधी, यंत्र मागाहून

चामड्याची शिलाई म्हणजे एकच एक काम नव्हे. जुन्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवणे, चपलेच्या वरच्या भागाची नवी शिलाई करणे, कंबरपट्टे व पिशव्या तयार करणे आणि तळ शिवणे ही चार निरनिराळी कामे आहेत. त्या प्रत्येकासाठी चामड्याची जाडी, दोरा, सुई व यंत्राची घडण वेगवेगळी लागते. म्हणून कारागिराने प्रथम मागील सहा महिन्यांत आपण कोणते काम किती केले, याची साधी नोंद वहीत करावी. ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांच्यासाठी शाळेत जाणारी मुले हे काम आनंदाने करतील.

काही कामांत यंत्र उपयोगी तर पडत नाहीच, उलट वस्तूचे मोल कमी करते. परंपरागत कोल्हापुरी चप्पल हाताने व चामड्याच्या वादीने शिवली जाते, आणि हेच तिचे वैशिष्ट्य मानले जाते. २०१८-१९ या वर्षी या चपलेला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. त्याचे क्षेत्र महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. बीड जिल्हा त्यात नाही. त्यामुळे येथील कारागिराने कोल्हापुरीच्या नावावर विसंबून यंत्राचा हिशेब मांडू नये. आपल्या भागात खपणारी मजबूत चप्पल, कंबरपट्टे, अवजारांची म्यानसदृश पाकिटे, शालेय व प्रवासी पिशव्यांची दुरुस्ती, यांचाच आधार धरावा.

कोणते यंत्र कशासाठी

कापडाचे शिलाई यंत्र आणि चामड्याचे शिलाई यंत्र यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. कापडाच्या साध्या यंत्रात खालचे दाते कापड पुढे ढकलतात आणि वरचा पाय केवळ दाब देतो. चामडे या पायाला चिकटते, वरचा थर मागे राहतो व खालचा पुढे सरकतो, आणि शिलाई वाकडी होते. म्हणून चामड्यासाठी ‘वॉकिंग फूट’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र वापरतात. त्यात वरचा पायही चालतो, आणि काही नमुन्यांत सुईसुद्धा थरांबरोबर पुढे सरकते. अनुदानातून मिळालेले कापडाचे घरगुती यंत्र चर्मकाराच्या घरी का पडून राहते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

यंत्राची बैठक तीन प्रकारची असते. सपाट बैठकीच्या यंत्रावर कंबरपट्टे, पिशव्या व चपलेचे सपाट पट्टे चांगले शिवता येतात. नळीसारख्या बाहूच्या यंत्रावर, म्हणजे सिलिंडर बेडवर, पिशवीच्या कडा व गोलाकार भाग शिवता येतात. खांबावर उभारलेले पोस्ट मशीन मुख्यतः बुटांच्या वरच्या भागासाठी असते. ज्याला पट्टे शिवावयाचे आहेत त्याने पोस्ट मशीन स्वस्त मिळते म्हणून घेणे, हा घाट्याचा व्यवहार होय.

यांखेरीज गटई कामगारांच्या परिचयाचे पॅचिंग मशीन आहे. सिंगर कंपनीचे २९-के हे त्यातील प्रसिद्ध नाव. याचा बाहू लांब व टोकाशी निमुळता असतो आणि पाय सर्व दिशांना फिरवता येतो. त्यामुळे बुटाच्या आत शिरून हवे त्या दिशेने टाके घालता येतात. ते हातचाकाने किंवा पायट्याने चालत असल्याने विजेची गरज नाही. दुरुस्तीसाठी याहून सोयीचे यंत्र क्वचितच सापडेल. परंतु जुन्या नमुन्यांत बॉबिन लहान असते, वेग कमी असतो आणि जाड चामड्याच्या सलग शिलाईसाठी ते घडवलेले नाही. नव्या मालाच्या उत्पादनासाठी ते घेणे योग्य नव्हे.

येथे एक उपयुक्त माहिती देता येईल. २९-के मधील ‘के’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगरच्या कारखान्याचे निदर्शक आहे. तो कारखाना १९८० साली बंद झाला. म्हणजे तेथे घडलेले कोणतेही अस्सल यंत्र आज चाळीस वर्षांहून अधिक वयाचे आहे. ‘दहाच वर्षे वापरलेले’ असे विक्रेता सांगत असेल, तर एकतर त्याला माहिती नाही किंवा ते यंत्र दुसऱ्याच कारखान्याची नक्कल आहे. वय जास्त असणे हा दोष नव्हे. बिडाच्या लोखंडाची ही यंत्रे निगा राखल्यास दीर्घकाळ चालतात. दोष आहे तो खोट्या माहितीवर किंमत ठरवण्यात.

हिशेबाची रीत

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या भागातील दर घालावेत.

समजा, जुन्या सपाट यंत्राची किंमत रु. ३५,००० आहे. वाहतूक रु. ३,०००, नवी मोटर रु. ७,००० आणि सुया, दोरा, पट्टा व किरकोळ भाग रु. ३,००० धरले, तर यंत्र प्रत्यक्ष चालू होईपर्यंत रु. ४८,००० लागतात. विक्रेता ज्या किंमतीचा उच्चार करतो ती आणि ही रक्कम यांत १३ हजारांचे अंतर आहे, हे ध्यानात ठेवावे.

ही रक्कम ५ टक्के व्याजाने १८ महिन्यांच्या मुदतीवर घेतल्यास मासिक हप्ता सुमारे रु. २,७७५ येतो. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी दरमहा रु. ४०० बाजूला ठेवणे आवश्यक आहे. एकूण मासिक भार रु. ३,१७५ झाला.

आता यंत्राने होणारी बचत पाहू. समजा, हा कारागीर आतापर्यंत चपलेचे पट्टे शहरातील यंत्रवाल्याकडून जोडीमागे रु. २० मजुरी देऊन शिवून आणत होता. यंत्र घरी आल्यावर दोरा व विजेचे रु. ३ वजा जाता जोडीमागे रु. १७ वाचतात. रु. ३,१७५ ला १७ ने भागले असता १८७ जोड हे उत्तर येते. म्हणजे महिन्याला किमान १८७ जोड खपत असतील तरच यंत्र स्वतःचा भार उचलते. खप ८० जोडांचा असेल तर रु. १,३६० वाचतात आणि रु. १,८१५ दरमहा घरखर्चातून भरावे लागतात. अशा कारागिराने यंत्र न घेता मजुरी देऊन शिवून आणणेच हिताचे आहे. त्यात कोणताही कमीपणा नाही.

हाच हिशेब नव्या यंत्रालाही लावावा. एकूण खर्च रु. ८५,००० धरला, तर हप्ता सुमारे रु. ४,९१० होतो. दुरुस्तीसाठी रु. १०० धरूनही महिन्याला २९५ जोडांचे काम लागते. नवे यंत्र निर्धोक, म्हणून ते नेहमीच फायद्याचे, असा समज बरोबर नाही.

बीड जिल्ह्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. येथील ऊसतोड कामगारांची कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात असतात. ज्या गावांतून निम्मी घरे बाहेर जातात तेथील ग्राहकही त्यांच्याबरोबर जातात. निघण्यापूर्वीच्या दिवसांत पादत्राणांची मागणी वाढते आणि त्यानंतर बाजार शांत होतो. हप्ता मात्र बारा महिने सारखाच असतो. म्हणून सर्वांत चांगल्या महिन्याचा खप न धरता वर्षाची सरासरी धरावी आणि मंदीच्या महिन्यांसाठी दोन हप्त्यांची रक्कम आधीच शिल्लक ठेवावी.

प्रत्यक्ष तपासणी

हिशेब जुळला, तर मग यंत्र पाहण्यास जावे. जाताना आपण नेहमी वापरतो ते चामडे, तोच दोरा आणि शक्य असल्यास एखादा जाणता मिस्त्री बरोबर न्यावा. विक्रेत्याने आधीच शिवून ठेवलेल्या तुकड्यावर विश्वास ठेवू नये. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. मोटर बंद ठेवून हातचाक सावकाश फिरवावे. ते एकसारखे फिरले पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडखळत असेल तर आत काही झिजले किंवा वाकले आहे असे समजावे.

२. सुईचा दांडा बोटांत धरून आजूबाजूला हलवून पाहावा. तो स्पष्टपणे डुलत असेल तर टाके चुकतील. ही दुरुस्ती खर्चाची असते.

३. सुई तळाला जाऊन वर निघू लागते त्याच क्षणी शटलच्या टोकाने दोऱ्याचा फास पकडला पाहिजे. हा मेळ बिघडला असेल तर टाके सुटतात. मिस्त्री तो पुन्हा जुळवू शकतो, परंतु शटलचे टोक मोडले वा बोथट झाले असेल तर नवा भाग लागतो.

४. खालचे दाते झिजून गुळगुळीत झाले आहेत काय, दोरा ज्या ठिकाणांवरून जातो तेथे खाचा पडल्या आहेत काय, हे नखाने चाचपून पाहावे. अशा खाचांत दोरा तुटतो.

५. यंत्राचे बिडाचे अंग चांगल्या उजेडात पाहावे. तडा अथवा वेल्डिंग केलेली जागा दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. नवा रंग हा चांगल्या स्थितीचा पुरावा नव्हे. पुष्कळदा तो तडा झाकण्यासाठीच असतो.

६. आपले चामडे दोन पदरी, मग चार पदरी करून शिवावे. पदरांच्या पायरीवरून यंत्र चढते काय ते पाहावे. दोन्ही बाजूंचा टाका सारखा, घट्ट व समान लांबीचा असावा. उलट शिलाईत तीच छिद्रे साधली जातात काय, तेही पाहावे.

७. यंत्र अर्धा तास सतत चालवावे. आवाज वाढणे, अंग तापणे व तेल गळणे या गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत कळत नाहीत.

८. या यंत्राला कोणत्या क्रमांकाची सुई व कोणते बॉबिन लागते हे लिहून घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी बीड, अंबाजोगाई किंवा नजीकच्या बाजारात ते मिळते काय याची चौकशी करावी. ज्या यंत्राची सुई केवळ मुंबईत मिळते ते यंत्र स्वस्त नव्हे.

तपासणीचा इतका आग्रह का, असे कोणी विचारील. चामड्यात पडलेले छिद्र बुजत नाही. कापडाची चुकलेली शिलाई उसवून पुन्हा घालता येते. चामड्याचा चुकलेला तुकडा वाया जातो. टाके फार जवळ पडले तर टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे चामडे त्या रेषेवर फाटते. टाके चुकवणारे यंत्र वेळ तर घेतेच, शिवाय रोज थोडे थोडे भांडवलही खाते.

वीज आणि जागा

कारखान्यातून निघालेल्या यंत्रावर पुष्कळदा तीन फेजवर चालणारी मोटर असते. खेड्यातील घरगुती जोडणी बहुधा एक फेजची, २३० व्होल्टची असते. मोटरवरील पट्टी न वाचता आणलेले यंत्र घरी येऊन स्तब्ध उभे राहते. मोटर बदलावयाचीच असेल तर सर्वो मोटरचा विचार करावा. जुनी क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत फिरत राहते व वीज घेते. सर्वो मोटर पायट्यावर पाय पडेल तेव्हाच फिरते आणि तिचा वेगही कमी ठेवता येतो. जाड चामड्यावर नवशिक्या हाताला सावकाश चालणारे यंत्रच हवे.

यंत्र जड असते. त्याला सपाट व कोरडी फरशी लागते. गळक्या छपराखाली त्याला गंज चढतो. घरात लहान मुले असतील तर पट्ट्यावर झाकण व मोटरला अर्थिंग असल्याखेरीज यंत्र सुरू करू नये. व्यवसायासाठी वीज वापरण्यासंबंधीचे नियम वीज वितरण कार्यालयातून आधीच समजावून घ्यावेत.

कागदपत्रे व साहाय्य

जुन्या यंत्राचा व्यवहार केवळ विश्वासावर करू नये. पावतीवर विक्रेत्याचे नाव व पत्ता, यंत्राचा नमुना व अंगावरील क्रमांक, किंमत आणि दिनांक असावा. क्रमांक खरवडून काढलेला असेल तर ते यंत्र घेऊ नये. चोरीच्या मालाचा त्रास शेवटच्या खरेदीदारालाच होतो. काही रक्कम यंत्र घरी येऊन चालू झाल्यावर देण्याचे ठरवता आले तर उत्तम.

अर्थसाहाय्याचे मार्ग आहेत. राज्य शासनाने १९७४ साली स्थापन केलेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या समाजासाठीच्या कर्ज व अनुदान योजना राबवते. केंद्र शासनाच्या सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकार व पादत्राण कारागिरांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी रु. १५,००० पर्यंतचे साहाय्य, आणि तारणाविना ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात रु. १ लाखापर्यंत कर्ज १८ महिन्यांच्या मुदतीवर देण्याची तरतूद आहे. जिल्हा उद्योग केंद्रातूनही मार्गदर्शन मिळते.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. कर्जप्रस्तावासोबत दरपत्रक व पक्की पावती मागितली जाते, आणि जुने यंत्र प्रत्येक योजनेत बसतेच असे नाही. विक्रेत्याला विसार देण्यापूर्वी बँकेकडून व संबंधित कार्यालयाकडून हे लेखी विचारून घ्यावे. विसार देऊन झाल्यावर प्रस्ताव नामंजूर झाला, तर उरलेली रक्कम सावकाराकडून काढण्याचा मोह होतो. त्या व्याजाने वरील सगळा हिशेब कोलमडतो.

तिघांचे एक यंत्र

वरील उदाहरणात एका कारागिराला १८७ जोडांचे काम मिळाले नाही. परंतु एकाच गावातील अथवा शेजारच्या गावांतील तीन कारागिरांचे प्रत्येकी ६५ जोड एकत्र केले तर १९५ होतात, आणि तेच यंत्र आपला भार पेलते. यासाठी मोठी संस्था स्थापण्याची गरज नाही. यंत्र कोणाच्या जागेत राहील, कोणी कोणत्या वारी वापरावयाचे, तेलपाणी व दुरुस्तीचा निधी कोणी सांभाळावयाचा आणि एखाद्याने मधेच सोडले तर त्याचा वाटा कसा द्यावयाचा, या चार गोष्टी कागदावर उतरवून सर्वांच्या सह्या घेतल्या म्हणजे पुरे. बहुतेक सामायिक उपक्रम यंत्राच्या दोषाने मोडत नाहीत. ते न लिहिलेल्या अटींमुळे मोडतात.

येथे पंचायत सदस्यांचे कार्य सुरू होते. विश्वकर्मा योजनेतील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर होते. ती करताना अर्जदार खरोखर हा व्यवसाय करतो काय, एवढेच पाहून न थांबता त्याच्या कामाचा हिशेब त्याच्यासमवेत बसून मांडावा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. नियमांच्या चौकटीत राहून त्यातून सामायिक यंत्रासाठी जागा, वीजजोडणी वा छप्पर यांची सोय करता येईल काय, याचा विचार ग्रामसभेत व्हावा. शिक्षकांनीही हप्ता, सरासरी व नफा-तोटा शिकवताना गावातील असा एखादा प्रश्न वर्गात मांडावा. गणित आणि गावचे जीवन यांचा संबंध त्यातून मुलांना दिसेल, आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी तो हिशेब उपयोगीही पडेल.

जुने यंत्र घेणे हे धाडस नव्हे आणि चूकही नव्हे. वर्षाचा सरासरी खप हप्ता व दुरुस्ती यांचा भार उचलत असेल, यंत्र आपल्या कामाच्या जातीचे असेल, आपल्या चामड्यावर ते अर्धा तास नीट चालले असेल, सुई व मिस्त्री जवळ मिळत असेल आणि पावती पक्की असेल, तर ते निःशंकपणे घ्यावे. यांपैकी एकही गोष्ट जुळत नसेल, तर ती जुळेपर्यंत थांबावे. तोवर रापी आणि आरी हातात आहेतच. ज्या कारागिराने त्यांच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या गाव चालते ठेवले त्याला योग्य वेळी योग्य सल्ला मिळणे, हा त्याचा हक्क आहे.